आंग सैल पडंना

"पर आंग सैल पडतं कसं, तेवढं सांगा की चाचा."

"कोन?"

"मी. सर्जेराव."

"कोन सर्जेराव?"

अंगनात पाय ठेवल्यापासनं तिसऱ्यांदा नाव सांगायची पाळी आली व्हती सर्जेरावावर. दुसरा कुनी आसता तर एव्हाना त्यानं शिव्या हासडल्या आसत्या. पर आज गरज त्याची व्हती. आन् घड्याळात अडीच वाजलं व्हतं.

"माळावरच्या संस्थेतला. सर्जेराव जगताप. तुमच्या हाताखाली नऊ वर्सं काढली न्हवं का मी?"

"आसंल," चाचा म्हनला.



बाबालाल मुलानी त्याचं नाव. गाव चाचा म्हनायचं. माळावर अपंगांची संस्था निघाली तवा तिथं नुसती पत्र्याची शेड व्हती, आन् शेडमधी पयला मानूस कामाला लागला त्यो ह्यो. काम काय, तर ज्यांचं हातपाय चालत न्हाईत त्यांना उचलायचं. न्हानीत न्यायचं, धुवायचं, पुसायचं, कापडं घालायची, खुर्चीत बसवायचं. सांच्याला परत उचलून हातरुनात.

आता चाचाच तसा झालेला. दोन वर्सांमागं डाव्या आंगावरनं वारं गेलं. डोळ्यांत मोतीबिंदू. लिंबाच्या कट्ट्यावर वाकळ टाकून सून त्याला खोडाला टेकवून बसवायची. डाव्या हाताची मूठ आवळलेली, कुनी काय तरी धरायला दिल्यागत. उघडायचीच न्हाई.

सर्जेराव कट्ट्याच्या कडंला टेकला. परत उठला. परत टेकला.

"केळी आनल्यात तुमास्नी."

"कुनी?"

"मी, चाचा. मी आनल्यात."

"बरं केलंस, ज्यो कोन आसशील त्यो."

सर्जेरावानं घड्याळ बघितलं.

गोष्ट आशी व्हती. जिल्ह्यानं इनाम काढलेलं. अपंगांची सेवा करनाऱ्यांत जे उजवं हायत त्यांना वळखायचं, फेटा बांधायचा, स्टेजवर बसवायचं. एक इनाम एका मानसाला आन् एक आख्ख्या पथकाला. संस्थेच्या सायबानं इचारलं, सर्जेराव, दोनीकडं नावं धाडायची का? सर्जेराव म्हनला, पथक कसलं आन् काय कसलं, समदं तर मीच करतोय. एकच धाडा.

एकच नाव गेलं. त्याचं. त्या अर्जाची नक्कल आत्ताबी त्याच्या वरच्या खिशात व्हती. चार दिवसांत दहा वेळा उघडून बघितल्यानं घडीवर फाटाय लागली व्हती.

खोटं कशाला बोला, सर्जेराव कामचोर न्हवता. पाठीला बैल. पाचला सुरू करायचा, दोन गडी हाताखाली घिऊन आठच्या ठोक्याला तीस मानसं धुवून खुर्चीत बसलेली. अकरा वर्सांत त्याच्या खोलीत कुनाच्या पाठीला जखम झाली न्हाई. आसं काम दुसऱ्या कुनी करून दाखवावं.

पर जिल्ह्याच्या समितीत एक डाक्टरीन बाई. तिनं कळवलं, कागदावरचं काय आमाला वाचायचं न्हाई. आमी यिऊन बघनार. तुमच्या मानसानं आमच्यासमोर एकाला हातरुनातनं उचलून खुर्चीत बसवायचं. कुनाला, ते आमी सांगू.

संस्थेनं तीस नावांची यादी धाडली. बाईनं एका नावावर खूण करून परत धाडली.

जालिंदर.

तीसातनं नेमका जालिंदर.

"आज चार वाजता येनार हायत," सर्जेराव म्हनला. "दीड तास राह्यला."

सर्जेरावानं केळी म्होरं सारली.

"जालिंदर आठवतोय न्हवं? तुमी व्हता तवा पोरसवदा व्हता. आता तीस वर्सांचा घोडा झालाय."

"जालिंदर," चाचा म्हनला. "व्हय. त्याला रेडिओ आवडतो."

सर्जेरावाला ते म्हाईत न्हवतं. अकरा वर्सं रोज दोनदा उचलतोय, पर म्हाईत न्हवतं. आत्ता त्याला रेडिओचं काय करायचं व्हतं म्हना.

"त्यो ताठतो, चाचा. मी हात लावला की लाकूड हुतो. दात वाजवतो, टाचा झाडतो. मागं एक पाव्हना फोटो काढाय आलेला, त्याचा चष्मा उडीवला लाथंनं. मी समद्यांना सांगतो, जनमाचंच दुखनं हाय, डोक्याची नस दबलीया, त्याला कोन काय करनार."

"मग तसंच सांग बाईला."



तेच तर सांगता येत न्हवतं. परवापतूर आलं आसतं.

परवा काय झालं, त्यो दुपारचा खोलीवरनं चालला व्हता. आत शालन चादर बदलत व्हती. शालन म्हंजे गेल्या साली लागलेली बाई, ह्याच गल्लीतली. चादर बदलायची तर मानूस ह्या कडंचा त्या कडंला करावा लागतो. जालिंदर तिच्या हातात व्हता. आन् त्याचं हातपाय खाली लोंबत व्हतं. वल्ल्या लुगड्यागत.

सर्जेराव दारात उभा राह्यला तसाच. त्याला वाटलं पोरगा मेला.

मेला कसला. जांभई दिली त्यानं.

तवापासनं सर्जेरावाच्या डोक्यात एकच. दुखनं जनमाचं आसंल तर ते शालनच्या हातात कुठं गेलं? आन् दुखनं न्हवंच, तर मग अकरा वर्सं त्यो पोरगा कशाला ताठत व्हता?

हे त्याला कुनाला इचारायचं न्हवतं. ह्याचं उत्तरच त्याला कळाय नगं व्हतं. त्याला फकस्त आज चार वाजता जालिंदराचं आंग सैल पाह्यजे व्हतं, एवढंच.

"शालनला इचारलं मी, काय केलंस म्हून," त्यो म्हनला. "म्हनती, काय न्हाई, हात ठेवला."

"मग?"

"मग काय. वरडलो. म्हनलं, हात ठिवायला लागलो तर तीस मानसं कवा हुतील? तरनीताठी बाई, आन् दर मानसापाशी उभी राहून दम खाती. आज तिला सैपाकघरात धाडलीया. भाकऱ्या थाप म्हनलं, समिती जाईपतूर भाईर यायचं न्हाई."

"का?"



बाईच्या नजरंला शालन पडली तर? बाईनं म्हनलं आसतं, बरं, आता हिला उचलू द्या… आन् तिच्या हातात जालिंदर लोंबला आसता. पर हे कसं सांगायचं?

"शालन सकाळची येती हितं," चाचा म्हनला. "कामावर जायच्या आधी. मला धुती."

"आसं व्हय," सर्जेराव म्हनला. त्याचा आवाज बारीक झाला. "मग तिला तुमीच… म्हंजे काय तरी युक्ती आसंल न्हवं, चाचा. एखादं त्याल आसंल. एखादी नस दाबत आसाल. मला नऊ वर्सांत दावली न्हाई ती. आसू द्या, माझा राग न्हाई. पर आता दावा. माझी आब्रू टांगलीया."

चाचानं मान हळू खाली केली. पायांकडं बघितलं, दिसत आसंल तेवढं.

"ऊन आलं," त्यो म्हनला. "पायावर आलंय. मला पल्याडल्या आंगाला सावलीत ठेव."

सर्जेरावाला बरंच वाटलं. बोलन्यात त्यो कच्चा, पर हे त्याचं काम. बाह्या सारल्या. एक हात काखंतनं पाठीमागं, एक गुडघ्याखाली, कंबर न वाकवता गुडघ्यातनं बसला, आन् एक-दोन-तीन. झटक्यात. डाक्टरीन बाईनं वहीत लिहून घ्यावं आसं.

चाचाचा डावा पाय बानागत सुटला. कडंचा पान्याचा तांब्या उडून अंगनात गडगडत गेला. मूठ सर्जेरावाच्या बरगडीत रुतली. दात करकरा वाजलं.

त्यानं चाचाला सावलीत टेकवला.

"तुमचंबी दुखनं तसलंच हाय," त्यो म्हनला.

"किती येळ लागला?"

"पाच मोजायच्या आत."

"हं," चाचा म्हनला. "आता परत ठेव."

"परत? उनात?"

"उनात."

सर्जेरावानं घड्याळ बघितलं. पावनेतीन. म्हातारा भरमिष्ट झालाय, त्याच्या मनात आलं. पर युक्ती हवी तर म्हाताऱ्याचं ऐकाय पाह्यजे. उचलला, उनात ठेवला. पाय ताठला, मूठ रुतली.

"कोन हाय रं?" चाचा म्हनला.

"सर्जेराव."

"आसंल. आता सावलीत."

उचलला. सावलीत ठेवला. कोंबडी केळ्यांपाशी आली व्हती ती पंख झाडत पळाली.

"उनात."

उनात.

"कोन हाय?"

आता मातर सर्जेरावाचं टाळकं सरकलं.

"थट्टा लावलीया का माझी?" त्यो म्हनला. "सवा तासात माझ्या जलमाची परीक्षा हाय आन् तुमी मला पोत्यागत हिकडनं तिकडं… न्हाई, पोतं तुमी हायसा, मी हमाल. जुनं उकरून काढताय व्हय? काढा. मग मीबी बोलतो."

सर्जेरावानं बोट रोखलं.

"नऊ वर्सं तुमच्या मागनं फिरलो. काय शिकीवलंत मला? काय बी न्हाई. दर मानसापाशी जायचा, त्याच्या खांद्यावर हात ठिवायचा आन् हुबा राह्यचा. बोलायचं न्हाई, चालायचं न्हाई. सकाळची तीस मानसं, तीसदा हुबा. तुमच्या आर्ध्या मानसांची कापडं मी घालायचो, नाष्ट्याची घंटा व्हायच्या आत. तुमी आपलं हात ठिवून धापा टाकत हुबं."

त्यो थांबला. मग जे अकरा वर्सं पोटात व्हतं ते बाहेर आलं. राग आला की ह्याच्या तोंडाला झाकन राहत न्हाई.

"मीच सायबाला सांगितलं. म्हाताऱ्याला धाप लागती, उचलनं हुत न्हाई म्हनलं. खरंच सांगितलं, चहाडी न्हाई केली. तुमाला घरी बसीवलं ते माझ्या सांगन्यावरनं. आता बोला."

लिंबावरनं दोन-चार पिवळी पानं पडली. एक चाचाच्या मांडीवर. ते झटकायला त्याचा उजवा हात आला न्हाई.

सर्जेराव शेजारी कट्ट्यावर टेकला. त्याला वाटलं, आता हाकलनार. हाकललं आसतं तर बरं झालं आसतं.

"धाप," चाचा म्हनला.



"त्या सालचा उरूस… पिराच्या डोंगरावरचा. एक म्हातारी व्हती. पायरी चढंना तिला. हात जोडून खालीच बसली. मी पाठीवर घेतली. दोनशे पायऱ्या. मागनं तिचा ल्योक येत व्हता, रिकाम्या हातानं."

सर्जेरावानं खाली बघितलं.

"धाप," चाचा म्हनला, "त्याला लागली व्हती."



म्हातारी म्हंजे त्याची आई. ल्योक म्हंजे त्यो. आन् धाप त्यालाच लागली व्हती, मधल्या कमानीपाशी दोनदा टेकला व्हता. चाचा येक डाव थांबला न्हवता. वर गेल्यावर आई म्हनली व्हती, आरं, ह्याच्या पाठीवर मला झोप लागली रं. त्या मानसाला मग दोन महिन्यांनी ह्यानं दमेकरी ठरीवला व्हता.

"मग…" सर्जेराव म्हनला. "मग थांबत कशाला व्हतासा? दम लागत न्हवता, तर दम कुनाचा…"



चाचानं उजवा हात उचलला. चांगला, रुंद, म्हाताऱ्या रेड्याच्या कातड्यागत खरखरीत. हवेत थोडा चाचपडला, आन् सर्जेरावाच्या खांद्यावर ठेवला.

दाबला न्हाई. चोळला न्हाई. नुसता ठेवला.

सर्जेरावाचा खांदा कानापतूर चढलेला. चार दिवस चढलेलाच व्हता, त्याला ठावंच न्हवतं. आता हात पडल्यावर कळलं. आन् कळलं म्हून आनखीच चढला.

…

खिशात फोन वाजला. सर्जेराव घ्यायला गेला. हात तसाच व्हता. झटकून टाकावा तर टाकता येईना. फोन वाजून वाजून थांबला.

…

गल्लीत कुनी तरी म्हशीला पानी पाजत व्हतं. बादलीची कडी वाजली. सर्जेरावाला वाटलं, किती येळ झाला. घड्याळ ज्या हातावर व्हतं त्यो हात मांडीवर उताना पडला व्हता. बघायचा राहून गेला.

…

मग त्याच्या छातीतनं एक मोठा सुस्कारा बाहेर पडला. त्यानं सोडला न्हाई, आपला आपन गेला. मागनं खांदा उतरला. मान उतरली. डोळं भरून आलं आन् त्याला त्याची लाज वाटायला येळच मिळाला न्हाई.

त्याच घडीला चाचानं हात उचलला. आधी न्हाई, मागनं न्हाई.

सर्जेराव बसून राह्यला.

खोलीतली तीस मानसं त्याच्या डोळ्यांम्होरं आली. पाचला दार उघडल्याबरोबर तीस तोंडं दाराकडं. आन् मग पयल्या खाटंपासनं शेवटल्या खाटंपतूर एकेक जन हळूहळू ताठत गेलेला. त्याला वाटायचं, मला बघून तयारीत राहत्यात. शिस्त हाय आपल्या खोलीला. पाव्हन्यांना सांगायचा त्यो, बघा कशी शिस्त हाय.

फोन परत वाजला. ह्या खेपेला घेतला.

आफिसातला कारकून व्हता. घाबराघुबरा. समिती आधीच आली. मोटार फाटकात हुबी हाय. सायब तुमाला शिव्या घालतोय. डाक्टरीन बाई म्हनती, कुठाय तुमचा मानूस. जालिंदराला नवा शर्ट घातलाय, त्यो आत्तापासनंच ताठलाय. किती येळात येताय?

सर्जेरावाचा हात खिशातल्या कागदावर गेला. पळत गेला तर दहा मिंटं. पोचला आसता. फेटा काय, अजूनबी कुठं पळाला न्हवता. पाठीला बैल मानूस, एक-दोन-तीन करून बसवला आसता जालिंदराला, आन् सांगितलं आसतं बाईला, जनमाचंच दुखनं हाय. बाईला काय ठावं? तिनं कुठं वल्लं लुगडं बघितलं व्हतं?

"शालनला बोलवा," त्यो म्हनला.

कारकून म्हनला, ती भाकऱ्या करतीया. तुमीच तर…

"पीठ आसू दे हाताला. तशीच घिऊन जा जालिंदरापाशी. तिनं उचलायचं. आन् बाईला सांगा, घड्याळ बघू नगा म्हनावं."

आन् तुमी?

"मला येळ लागंल."

किती?

"ठावं न्हाई."

फोन ठेवला. चाचाच्या तोंडावर ऊन आलं व्हतं. डोळं बारीक करून बसलेला, कपाळावर घाम. आपनच ठेवला व्हता त्याला उनात, आन् तसाच ठिवून येवढा येळ आपलंच गाऱ्हानं सांगत बसलो, हे सर्जेरावाच्या ध्यानात आलं.

"चाचा, मग त्या अर्जावर नाव कुनाचं घालायचं व्हतं?"

"मला वाचाय येत न्हाई," चाचा म्हनला.

सर्जेराव उठला. बाह्या सारल्या न्हाईत. म्हाताऱ्याच्या समोर गुडघ्यावर बसला आन् त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मूठ आवळलेलीच.

…

फोन वाजाय लागला. वाजू दिला. बंद झाला, परत वाजाय लागला. सर्जेरावाच्या गुडघ्याला खडा टोचत व्हता. त्याला भ्या वाटत व्हतं. समितीचं न्हाई. ह्याचं, की आता थांबूनबी काय झालं न्हाई तर? अकरा वर्सांत आपला हातच तसला झाला आसंल तर?

…

कोंबडी परत आली. केळ्याला चोच मारली, आन् हलली न्हाई.

…

म्हाताऱ्याच्या छातीतनं वारा सुटला. लांब. शेवटाला थोडा थरथरला.

डाव्या हाताचं करंगळीकडलं बोट सुटलं. मग त्याच्या शेजारचं. मूठ पुरी न्हाई उघडली. पर आत तळवा दिसला, लहान पोराच्या तळव्यागत पांढरा.

मग सर्जेरावानं त्याला उचललं. एक-दोन-तीन न्हाई म्हनला. पाय लोंबत राह्यलं. म्हाताऱ्याची मान त्याच्या छातीवर आली, वरच्या खिशावर, आन् आतला कागद चुरगळला.

दोन पावलं सावली. ती दोन पावलं त्यो लई हळू चालला.

वाकळंवर टेकवायच्या आधी चाचानं डोळं उघडलं. मोतीबिंदूचं पांढरट डोळं. सर्जेरावाच्या गळ्यापाशी नाक नेलं, वासरागत हुंगलं, आन् तोंड वाकडं करून हसला.

"सर्जेराव व्हय…" त्यो म्हनला. "कवा आलास?"